हौशी हात आणि त्यांची बैठक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

हौस हा शब्द मराठीत आला तो अरबीतून, फारसीच्या वाटेनं. मूळ शब्द 'हवस'. उर्दूत तो अजूनही थोडा बदनामच आहे. हवस म्हटलं की लालसा, हाव, न भागणारी भूक असंच काहीतरी मनात येतं. आमच्या घरी मोठी माणसं तो त्याच अर्थानं वापरायची. शाळेत मात्र बाई म्हणायच्या, 'याला वाचनाची फार हौस.' एकच शब्द घरात ठपका होता आणि शाळेत शाबासकी. मराठीनं त्याला धुऊन, वाळवून, सणाच्या कपड्यांत ठेवून दिलं, असं मला नेहमी वाटतं.

दुसऱ्या भाषांत या शब्दाची भावंडं आहेत. इंग्रजीतला 'अमॅच्युअर' फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी प्रेम करणं या अर्थाचं लॅटिन क्रियापद आहे. जर्मन भाषेत अशा माणसाला 'लीबहाबर' म्हणत, म्हणजे सरळसरळ प्रेमिक. पुढे मात्र अमॅच्युअर म्हणजे कच्चा, अर्धवट असा अर्थ चिकटला. आपल्याकडेही कोणी 'हौशी कलाकार' म्हटलं की ऐकणारा जरा सावध होऊन बसतो. जत्रेला हौशे, नवशे आणि गवशे असे तिघे जातात म्हणतात. त्यांपैकी हौशांचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. आज मला पियानोच्या जत्रेतल्या हौशांविषयी बोलायचं आहे. ते एकमेकांपुढे कसे वाजवत आले आणि, त्याहून साधी गोष्ट, वाजवताना बसत कसे आले.

बसण्याचा विषय तुम्हाला क्षुल्लक वाटेल. पण आपल्या भाषेनं तो क्षुल्लक मानलेला नाही. मराठीत 'बैठक' म्हणजे बसण्याची ढब, आणि बैठक म्हणजे गाण्याची मैफलही. 'त्यांची बैठक पक्की आहे' हेही आपण म्हणतो आणि 'काल रात्री बैठक रंगली' हेही म्हणतो. एका माणसाचं नीट बसणं आणि चार माणसांचं एकत्र बसणं, दोन्हीसाठी एकच शब्द. पियानोचा इतिहास वाचताना हा शब्द माझ्या फार कामी आला. कारण तिथेही या दोन बैठका एकमेकींना धरून आहेत. एक मोडली की दुसरी मोडते.

सुरुवात पियानोच्या आधीपासून करू. पियानोत हातोडी तारेवर आपटते. त्याच्या आधीचं हार्पसिकॉर्ड हे वाद्य तार छेडून वाजायचं. फ्रान्समध्ये फ्रान्स्वा कूपरँ नावाचे थोर वादक आणि रचनाकार होऊन गेले. राजदरबारी होते, आणि शिकवणीला त्यांच्याकडे मोठ्या घरातली मुलंमुली असत. ही मुलं काही पुढे पोटासाठी वाजवणार नव्हती. कूपरँनी १७१६ साली हार्पसिकॉर्ड कसं वाजवावं याचं एक छोटं पुस्तक छापलं. त्यात सुरांच्या आधी खुर्ची येते. खुर्चीची उंची अशी हवी की कोपर, मनगट आणि बोटं एका पातळीत राहतील. मोठ्या माणसानं वाद्यापासून साधारण नऊ इंच दूर बसावं. लहान मुलांचे पाय लोंबकळत असतील, तर पायांखाली काहीतरी ठेवावं, म्हणजे अंगाचा तोल राहील. वाजवताना तोंड वेडंवाकडं होत असेल, तर समोर जिथे सुरांची वही ठेवतात तिथे एक आरसा ठेवावा. ही सूचना मला सगळ्यांत आवडली. छडी मारण्यापेक्षा आरसा बरा.

याच पुस्तकात ते आणखी एक गंमत सांगतात. सुरुवातीच्या दिवसांत मुलांनी गुरूच्या माघारी सराव करू नये, म्हणून ते वाद्याची किल्लीच आपल्याबरोबर घेऊन जात. मुलं चंचल असतात, हात नीट ठेवत नाहीत, आणि पाऊण तासात गुरूनं बसवलेलं क्षणात विस्कटून जातं, हा त्यांचा अनुभव. चुकीची ढब अंगात मुरली की ती काढणं फार अवघड जातं, हे त्यांनी ओळखलं होतं.

पुढे १७५३ साली जर्मनीत कार्ल फिलिप इमॅन्युएल बाख यांचा ग्रंथ आला. थोरल्या बाखचे हे चिरंजीव. त्यांचं सांगणं असं की वादकानं पट्ट्यांच्या मध्यावर बसावं, म्हणजे दोन्ही टोकांचे सूर सारख्याच सहजतेनं हाताशी येतात. बोटं किंचित वाकलेली असावीत आणि शिरा सैल. ताठरपणानं हात अडतो. याच बाखनी १७७९पासून आपल्या रचनांचे काही संग्रह छापले आणि त्यांच्या मथळ्यात 'जाणकारांसाठी आणि लीबहाबरांसाठी' असं घातलं. म्हणजे हौशी माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर स्पष्ट होता. त्याला ते जाणकाराच्या शेजारी, त्याच पंगतीला बसवत होते.

आता माझ्या आजच्या गोष्टीची नायिका येते. जर्मनीत आउग्सबुर्ग नावाचं शहर आहे. तिथे योहान आंद्रेआस श्टाइन हे नामांकित पियानो बनवणारे राहत. १७७७च्या ऑक्टोबरात एकवीस वर्षांचा मोझार्ट तिथे आला. श्टाइन यांच्या पियानोवर तो इतका खूष झाला की वडिलांना लांबलचक पत्र लिहून त्यानं कारागिरीचं वर्णन केलं. त्याच मुक्कामात २२ ऑक्टोबरला एक जलसा झाला. त्यात मोझार्टची तीन पियानोंसाठीची रचना वाजवली गेली. पहिल्या पियानोवर गावातला ऑर्गनवादक, दुसऱ्यावर मोझार्ट आणि तिसऱ्यावर खुद्द श्टाइन, वाद्य बनवणारा कारागीर.

या रचनेची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. मोझार्टनं ती १७७६ साली लोड्रोन घराण्यातली एक काउंटेस आणि तिच्या दोन मुली यांच्यासाठी लिहिली होती. धाकटीचा हात अजून बसलेला नव्हता, म्हणून तिसऱ्या पियानोचा भाग मुद्दाम सोपा ठेवलेला. मोझार्टसारख्या माणसानं घरातल्या तिघींच्या हातांची मापं घेऊन कपडा शिवावा तशी ही रचना शिवली. त्या काळी मोठमोठे रचनाकारही हौशी हातांसाठी असं काम करत.

पण तोच मोझार्ट दुसऱ्या एका लहान हाताशी फार कठोर वागला. श्टाइनना एक मुलगी होती, नानेट. वय साडेआठ. ती सुंदर वाजवते असा गावात लौकिक. मोझार्टनं तिचं वादन ऐकलं आणि जलशाच्या दुसऱ्याच दिवशी वडिलांना पत्रातून तिची रेवडी उडवली. तिला वाजवताना पाहून ज्याला हसू येणार नाही तो तिच्या बापासारखा दगडच असला पाहिजे, अशा अर्थाचं तो लिहितो. जर्मन भाषेत श्टाइन म्हणजे दगड, त्यावरची ही कोटी. त्याच्या तक्रारी काय? मुलगी मध्यावर बसत नाही, उंच सुरांच्या बाजूला सरकून बसते. डोळे फिरवते, तोंडं करते. हात गरज नसताना वर उचलते, हात जड करते, त्यामुळे तिला वेग कधी यायचा नाही. जिथे सूर तेलाच्या धारेसारखे जायला हवेत, तिथे ती हात उचलून पुन्हा पहिल्यापासून मांडते. हिच्यात गुण आहेत, पण अशानं हिचं काही होणार नाही, असा एकूण निकाल.

तांत्रिक दृष्टीनं पाहिलं तर मोझार्टचं म्हणणं खोटं नाही. मध्यावर बसा, हात हलका ठेवा, हेच तर बाखही सांगत होते. पण बाखनी सांगितलं आणि मोझार्टनं हसून घेतलं. आठ वर्षांच्या मुलीचे पाय जमिनीला टेकतात का, खुर्ची तिच्या मापाची आहे का, हे त्यानं पत्रात कुठे लिहिलेलं नाही.

त्या मुलीचं पुढे काय झालं? ती वडिलांच्या कारखान्यात पियानो बनवायला शिकली. १७९२ साली वडील वारले तेव्हा ती तेवीस वर्षांची होती, आणि कामाची सूत्रं तिनं हातात घेतली. १७९४ साली आंद्रेआस श्ट्रायखर नावाच्या पियानोवादकाशी तिचं लग्न झालं. हा कवी शिलरचा जिवलग मित्र. तरुणपणी दोघे मिळून श्टुटगार्टहून पळाले होते. त्याच वर्षी ही मंडळी व्हिएन्नाला गेली आणि नानेटनं धाकट्या भावाबरोबर तिथे कारखाना काढला. १८०२ साली भावंडं वेगळी झाली. तेव्हापासून तिच्या वाद्यांवर पाटी लागली ती तिच्या स्वतःच्या नावाची, आणि 'माहेरची श्टाइन' असा उल्लेखही त्या पाटीवर असे. ज्या नावावर मोझार्टनं कोटी केली, ते नाव व्हिएन्नातल्या उत्तमोत्तम पियानोंची खूण झालं. बीथोवनचा या घराशी मोठा घरोबा. तो चक्रम, एकटा माणूस. नोकरचाकर, धुणं, चमचे अशा संसाराच्या अडचणींसाठी त्यानं नानेटला लिहिलेली साठाहून जास्त पत्रं आज उपलब्ध आहेत.

आता मुद्द्याची गोष्ट. १८०१ साली आंद्रेआस श्ट्रायखरनं एक छोटी पुस्तिका छापली. नानेट आणि तिच्या भावाच्या कारखान्यातला पियानो जे विकत घेतील त्यांच्यासाठी. वाजवावं कसं, जुळवावं कसं, जपावं कसं, एवढाच तिचा विषय. पण तिच्यात दोन वादकांची चित्रं आहेत. एक खरा संगीतकार. तो शांत बसतो, हात नैसर्गिक ठेवतो, बोटं पट्ट्यांजवळ राखतो आणि वाद्याला गायला लावतो. दुसरा मोठा नावाजलेला बडवणारा. तो बसतो आणि पहिल्याच आघाताला ऐकणाऱ्याला वाटतं, हा बहिरा आहे की काय. शत्रू हाती सापडल्यावर सूड घ्यावा तसा तो वाद्यावर तुटून पडतो. तारा तुटतात, हातोड्या जायबंदी होतात. श्ट्रायखरची लेखणी इथे भलतीच रंगली आहे. घरी वाजवणाऱ्याला तो जणू सांगतो आहे, की त्या दुसऱ्याच्या टाळ्यांना भुलू नका, तुमचा हात आणि तुमचं वाद्य दोन्ही शाबूत ठेवा. हे शहाणपण आलं ते पियानो बनवणाऱ्या घरातून. ही मंडळी वादकाचं बसणं रोज डोळ्यांपुढे पाहत, आणि दुरुस्तीला आलेल्या वाद्यांवरून बडवणाऱ्यांचे प्रतापही त्यांना कळत असणार.

त्यांचे पियानो आजच्यासारखे अवजड नव्हते. पट्टी हलकी, थोडीशीच खाली जाणारी. हलक्या बोटालाही ती दाद देई. बायका, मुलं, वयस्कर माणसं, कुणालाही झेपेल असं वाद्य. १८१२ साली श्ट्रायखर दांपत्यानं आपल्या जागेत एक दिवाणखाना उघडला. त्यात संगीतकारांचे अर्धपुतळे मांडलेले. बीथोवनच्या चेहऱ्याचा जो प्रसिद्ध साचा शिल्पकार फ्रान्झ क्लाइननं घेतला, तो याच दिवाणखान्यातल्या पुतळ्यासाठी. इथे मोठे वादकही वाजवत आणि शिकणारी हौशी मंडळीही. एका खोलीत, एकाच पियानोवर. आपल्या भाषेत, बैठक.

त्याच वर्षी नोव्हेंबरात व्हिएन्नाच्या राजवाड्यातल्या अश्वशाळेच्या भव्य दालनात हेन्डेलची एक मोठी रचना सादर झाली. गाणारे-वाजवणारे मिळून सुमारे ६०० आणि त्यांतले बहुसंख्य हौशी. या उपक्रमाच्या संयोजकांत आंद्रेआस श्ट्रायखर पुढे होता. या यशातून संगीतमित्रांची एक संस्था जन्माला आली. १८७० साली तिनं स्वतःची वास्तू बांधली. नववर्षाच्या पहिल्या दिवशी टीव्हीवर व्हिएन्नाचा जो संगीताचा कार्यक्रम जगभर दाखवतात, तो होतो या वास्तूच्या सोनेरी सभागृहात. आज तिथलं तिकीट मिळणं मुश्कील. पण तो पाया हौशांनी घातलेला आहे.

इथून पुढे काळ पालटतो. पियानो मोठा होऊ लागला. १८२५ साली अमेरिकेत अखंड बिडाच्या चौकटीचं पेटंट निघालं. तारा जाड झाल्या, ताण वाढला, पट्टी जड आणि खोल झाली. आजचा मैफलीचा मोठा पियानो सुमारे ५०० किलो वजनाचा असतो, आणि त्याची पट्टी साधारण १० मिलिमीटर खाली जाते. वाद्याला यंत्राचं बळ आलं, तेव्हा माणसाच्या हातालाही यंत्र करावं असं लोकांना वाटू लागलं. योहान बर्नहार्ड लोजिए नावाचे जर्मन शिक्षक आयर्लंडमध्ये होते. त्यांनी १८१४ साली 'कायरोप्लास्ट' नावाच्या साधनाचं पेटंट घेतलं. पियानोपुढे दोन समांतर दांड्या बसवायच्या, त्यांच्यामधून हात घालायचे, म्हणजे मनगट वरखाली होणार नाही. प्रत्येक बोटाला वेगळा खाचा. एकाच खोलीत अनेक पियानो मांडून मुलांना एकदम वाजवायला लावायचं. युरोपात नवनव्या गिरण्या सुरू होत होत्या, आणि या वर्गाचं वर्णन वाचताना मला गिरणीचंच खातं आठवतं. काल्कब्रेनर या मोठ्या वादकानंही हाताखाली दांडी लावण्याचा पुरस्कार केला. आँरी हर्झनं १८३६च्या सुमाराला स्प्रिंगा आणि अंगठ्या असलेलं 'डॅक्टिलियन' काढलं. आणि याच काळात, १८३२च्या सुमाराला, रॉबर्ट शूमान या तरुणाच्या उजव्या हाताचं बोट निकामी झालं. त्यानं बोटांसाठी असलंच काहीतरी यांत्रिक साधन वापरल्याचा उल्लेख आहे. नेमक्या कारणाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण वादक होण्याचं त्याचं स्वप्न तिथेच संपलं, आणि मग तो रचनाकार झाला.

हातावर लादलेली शिस्त म्हटली की मला आमच्या गावची पेटीची शिकवणी आठवते. पाचवी-सहावीत असताना मी काही महिने तिथे जात होतो. मराठीत 'पट्टी' म्हणजे पेटीची पट्टी, पट्टी म्हणजे गायकाचा सूर, आणि पट्टी म्हणजे आखायची फूटपट्टीसुद्धा. आमच्या मास्तरांकडे तिन्ही होत्या. पट्टीवर बोट चुकलं की बोटांवर पट्टी बसायची. बोट का चुकलं, पेटी मुलाच्या मानानं उंच आहे का, हे कोणी पाहत नसे. आम्ही सात-आठ मुलं होतो. वर्षअखेरीला दोघं उरली. बाकीच्यांचा गळा, कान, लय यांत खोट होती असं मी आजही मानत नाही. मोहल्ल्यातल्या मदरशात आम्ही गुडघे दुमडून बसायचो, पण पुढ्यात रेहल असायची, लाकडाची दुमडती घोडी. पुस्तक तिच्यावर ठेवलं की ते डोळ्यांच्या बेतात येई आणि मान मोडत नसे. तेवढा विचार पेटीसाठी कोणी केला असता, तर आणखी दोन-तीन मुलं टिकली असती.

यंत्रांच्या त्या ऐन बहरात पॅरिसमध्ये एक माणूस उलटं सांगत होता. त्याचं नाव शोपँ. १८३१ साली तो पॅरिसला आला तेव्हा काल्कब्रेनरनं त्याला, माझ्याकडे तीन वर्षं शीक, असं सुचवलं होतं. शोपँनं नम्रपणे नकार दिला. त्याच्या शिष्यांत पुष्कळशा सरदार-उमरावांच्या घरातल्या बायका आणि मुली होत्या, म्हणजे हौशीच. वादनपद्धतीवर त्यानं एक पुस्तक लिहायला घेतलं होतं, ते अपुरं राहिलं. पण त्यातली हाताची मांडणी टिकली. ती मी पेटीच्या भाषेत सांगतो, म्हणजे आपल्याकडच्या कोणालाही कळेल. उजव्या हाताचा अंगठा पांढरी तीनवर. मधली तीन बोटं काळी तीन, काळी चार आणि काळी पाचवर. करंगळी पांढरी सातवर. घरी पेटी असेल तर आजच करून पाहा. लांब बोटं उंच काळ्या पट्ट्यांवर, आखूड बोटं खाली पांढऱ्यांवर, आणि हात आपोआप मोकळा पडतो. म्हणूनच सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांची सप्तकं तो सोपी मानत नसे, ती शेवटी शिकवायचा. सगळी बोटं सारखी करण्याच्या हट्टापेक्षा प्रत्येक बोटाचा स्वभाव ओळखा, असा त्याचा विचार. त्याची एक शिष्या दिवसाला सहा तास सराव करते हे कळल्यावर तो रागावला, आणि तीन तासांहून जास्त वाजवायला त्यानं तिला मनाई केली.

पण जमाना शोपँचा नव्हता, लिस्टचा होता. १८४०च्या जूनमध्ये लंडनमधल्या जाहिरातीत लिस्टच्या एकट्याच्या वादनाला 'रिसायटल' हा शब्द लागला. रंगमंचावर एकटा वादक, पियानो आडवा, आणि समोर अंधारत जाणाऱ्या खुर्च्यांच्या रांगा. दिवाणखान्यात पियानोभोवती जे लोक बसायचे, ते रांगेत जाऊन बसले. कालपर्यंत तेही वाजवत होते, आता ते नुसते श्रोते झाले. माझ्या मते पियानोच्या इतिहासातली ही दुसरी बैठक मोडण्याची वेळ. पहिली, अंगाची, यंत्रांनी आधीच मोडली होती.

याच काळात आपल्याकडे मात्र एक वेगळीच गोष्ट घडली. १८४२ साली पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबँ यानं हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ते खुर्चीवर बसून, पायानं भाता हलवत वाजवायचं. ते हिंदुस्थानात आलं, पण आपली बैठक सतरंजीवरची. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५च्या सुमाराला पायांचा भाता काढून मागे हाताचा भाता बसवला, असं श्रेय त्यांना दिलं जातं. पेटी जमिनीवर आली. डावा हात भात्यावर गेल्यामुळे वाजवायला एकच हात उरला, पण आपल्या गाण्याला दोन हातांची गरजही नव्हती. संगीत नाटकात पायपेटी आणि ऑर्गन राहिले, कारण तिथे खुर्ची होती. तिकडे वाद्यासाठी माणसाला वाकवत होते, तेव्हा इथल्या एका कारागिरानं माणसासाठी वाद्याला वाकवलं. या पेटीनं महाराष्ट्रात किती हौशी निर्माण केले ते मी सांगायला नको. पु. ल. देशपांडे पेटी वाजवायला बसत, तेव्हा समोर बसलेल्यांना हौस या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नसे.

विसाव्या शतकात पियानोवादकांच्या हातांनी बंड केलं. लिऑन फ्लायशर हा अमेरिकेतला पहिल्या प्रतीचा वादक. १९६४ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्याच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आत वळू लागली. दुखत असताना आपण सराव रेटत राहिलो, हे त्यानं पुढे मोकळेपणानं सांगितलं. तीस वर्षं तो डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना वाजवत राहिला आणि शिष्य घडवत राहिला. उपचारांनी हात बराचसा परत आला, आणि २००४ साली त्याची ध्वनिमुद्रिका निघाली. तिचं नाव होतं 'दोन हात'. २०२० साली तो वारला. या दुखण्याची लाज आजवर वादक लपवत आले होते. फ्लायशरसारख्यांनी ते उघड केल्यावर बसणं, खांदे, मनगट, विश्रांती यांचा विचार शाळा-महाविद्यालयांत पुन्हा होऊ लागला. कॅनडाच्या ग्लेन गूल्डची खुर्ची तर दंतकथाच झाली. त्याच्या वडिलांनी एका घडीच्या खुर्चीचे पाय कापून ती जमिनीपासून फक्त १४ इंच उंच केली, आणि तो ती जन्मभर जगभर घेऊन हिंडला. तसं सगळ्यांनी बसावं असं नाही. पण त्याच्या घरात कोणीतरी मुलाच्या अंगाचं माप घेतलं होतं, एवढं खरं.

आणि हौशी? ते परत आले. पॅरिसमध्ये १९८९ साली हौशी पियानोवादकांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. अमेरिकेत फोर्ट वर्थ इथे १९९९ साली व्हॅन क्लायबर्नच्या नावानं अशीच स्पर्धा सुरू झाली, तिची अट होती वय पस्तीस किंवा त्याहून जास्त. डॉक्टर, वकील, शिक्षक, दिवसभराचं काम करून रात्री वाजवणारे लोक तिथे येतात. 'गार्डियन' या इंग्रजी दैनिकाचे तेव्हाचे संपादक ॲलन रसब्रिजर २०१० साली, पन्नाशी उलटल्यावर, फ्रान्समधल्या एका उन्हाळी शिबिराला गेले. तिथे हौशी मंडळी एकमेकांपुढे वाजवतात, एकमेकांचं ऐकतात, चुका सांगतात. तिथे त्यांनी शोपँची एक अवघड रचना शिकायचं मनावर घेतलं. रोज वीस मिनिटं. वृत्तपत्राच्या धकाधकीतून सोळा महिने लागले, पण त्यांनी ती मित्रांपुढे वाजवली, आणि २०१३ साली त्यावर पुस्तक लिहिलं. मित्रांपुढे, हा शब्द महत्त्वाचा. श्ट्रायखरांच्या दिवाणखान्यातल्या खुर्च्या पुन्हा पियानोजवळ सरकल्या.

हौशी माणसाचं दुखणं वेगळं असतं. व्यावसायिकाचा हात गेला तर बातमी होते. हौशी माणसाची पाठ धरते, मनगट दुखतं, तो चार दिवस वाजवत नाही, मग चार महिने, मग वाद्यावर कापड पडतं आणि कापडावर फुलदाणी. कोणाला कळतही नाही. तीनशे वर्षांचं शहाणपण या माणसासाठी थोडक्यात असं आहे. कोपर पट्टीच्या पातळीत किंवा किंचित वर राहील इतकी आसनाची उंची. बसायचं मध्यावर, आसनाच्या पुढच्या अर्ध्या भागात. दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले, मूल असेल तर पायाखाली पाट. खांदे खाली, मनगट मोकळं. अर्ध्या तासानं उठून दोन पावलं टाकायची. दुखलं की थांबायचं. यात नवीन काही नाही, निम्मं तर कूपरँनीच सांगून ठेवलं होतं.

नानेट श्ट्रायखर १८३३च्या जानेवारीत वारली, आणि चार महिन्यांनी आंद्रेआसही. तिच्या कारखान्यातले पियानो आज संग्रहालयांत आहेत, त्यांतले काही अजून वाजतात, आणि त्यांच्या समोर बसणारा वादक मध्यावरच बसतो. पण तिच्या गोष्टीत मला मोठी वाटते ती वेगळी गोष्ट. जिला बसता येत नाही म्हणून हसले, तिनं पुढे हजारोंना बसायला जागा करून दिली.

ऐकणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी पेटी असेल, की-बोर्ड असेल, एखाद्याकडे जुना पियानो असेल. वरचं कापड काढाल तेव्हा सुरांच्या वहीच्या आधी स्टुलाची उंची बघा. आणि चार ओळी बसल्या, की शेजारच्या एका तरी माणसाला ऐकायला बोलवा.